फिरता चराईरोधक पिंजरा: कोणता घ्यावा आणि कसा वापरावा

गुरे चरून गेल्यावर किती गवत उरले ते डोळ्यांना दिसते. किती वाढले आणि किती खाल्ले गेले, ते दिसत नाही. महिनाभरात कुरणाची उंची बोटभरही बदलली नाही, तर गवत वाढलेच नसेल, नाहीतर जेवढे वाढले तेवढे जनावरांच्या पोटात गेले असेल. पहिल्या कुरणातून गुरे ताबडतोब काढायला हवीत, दुसरे ठीक चालले आहे. हा फरक ओळखायला फिरत्या पिंजऱ्याइतके साधे साधन दुसरे नाही. जनावरांचे तोंड पोहोचू नये म्हणून गवताच्या छोट्या तुकड्यावर ठेवायची आणि दर काही आठवड्यांनी नव्या जागी हलवायची ही जाळी. तयार मिळते, वेल्डिंगवाल्याकडून करूनही घेता येते. तीन घडणी चालतात: गोल, पेटीसारखी चौकोनी आणि वर निमुळती होत जाणारी.

गोल पिंजरा सर्वांत सोपा. चार मीटर लांबीची वेल्डमेश जाळी वळवायची, दोन्ही टोके १५ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून तारेने बांधायची. साधारण १.२ मीटर व्यासाचे कडे तयार होते. जाळी उलगडून सपाट ठेवता येते, त्यामुळे वाहतूक सोपी. पण गायीने अंग घासले की कडे दबून लंबगोल होते, आणि वरचे तोंड उघडे असेल तर जनावर मान आत घालून मधले गवतही ओढते. वर जाड तारेची फुली हवीच. चौकोनी पेटी आकार टिकवते, पण जड असते आणि एकात एक बसत नाही. दहा पेट्या न्यायच्या म्हणजे गाडीच्या दोन खेपा.

आमची पसंती निमुळत्या पिंजऱ्याला आहे. तळ १.२ मीटर चौरस, उंची एक मीटर, कोपऱ्यांना आठ मिलिमीटरची सळई. तळाशी रुंद असल्याने तो सहज उलटत नाही, आणि दहा-बारा पिंजरे टोपल्यांसारखे एकात एक बसतात. दोष एकच, पण ठळक. गवत कमरेएवढे वाढले की उतरत्या बाजू पात्यांना टेकतात, पाती वाकतात आणि बाहेर आलेले शेंडे खाल्ले जातात. उंच, ठोंबाने वाढणाऱ्या गवताच्या कुरणात म्हणूनच गोल पिंजरा बरा.

जाळीच्या भोकाचे माप जनावर पाहून ठरवायचे. गाई-म्हशींना ७ ते १० सेंटिमीटर चालते. शेळ्या-मेंढ्या असतील तर ५ सेंटिमीटरच घ्या. १५ सेंटिमीटरच्या भोकात शिंगांची शेळी डोके घालते, आणि ते शिंगांमुळे बाहेर येत नाही. जाळीची कापलेली टोके आत वळवलेली आहेत ना, हे घेतानाच हात फिरवून पाहा. जनावर नाक-डोळे तिथेच घासते. खुंट ६० सेंटिमीटरचे, वर आकडा असलेले, चारही कोपऱ्यांत ४० ते ४५ सेंटिमीटर खोल जायला हवेत. तयार पिंजऱ्यांबरोबर कित्येकदा ३० सेंटिमीटरचे खुंट येतात. पावसाने भिजलेल्या जमिनीत ते एका धक्क्यात निघतात, म्हणून खुंट वेगळे करून घेतलेले चांगले.

आता मापाकडे. १.२ मीटरच्या पिंजऱ्यात मधोमध ५० सेंटिमीटर चौरसाची चौकट ठेवली की चारही बाजूंना ३५ सेंटिमीटर पट्टा उरतो. हा पट्टा कापायचा नाही. जनावरे जाळीतून जीभ घालून कडेचे गवत ओढतात, शिवाय जाळीची सावली आणि आडोसाही कडेलाच जास्त. ८० सेंटिमीटरचे स्वस्त पिंजरे याच कारणाने घेऊ नयेत. त्यात १५ सेंटिमीटरच पट्टा उरतो, आणि कापलेले गवत अर्धवट चरलेले निघते.

पिंजरा ठेवण्याआधी सारख्या दिसणाऱ्या जागांची जोडी शोधा: तीच गवते, तीच दाटी, तीच उंची. जोडीतल्या कुठल्या जागेवर पिंजरा ठेवायचा ते नाणे उडवून ठरवा. हात आपोआप चांगल्या गवताकडे जातो, आणि तिथेच सगळा हिशोब फुगतो. बाहेरची जागा पिंजऱ्यापासून निदान पाच मीटर दूर असावी, कारण गुरे पिंजऱ्याला अंग घासायला येतात आणि भोवतालची जमीन तुडवतात.

हिशोब तीन वजनांवर चालतो. समजा, सुरुवातीला बाहेरच्या चौकटीत ४२ ग्रॅम वाळलेले गवत निघाले. २८ दिवसांनी आत ७१ ग्रॅम आणि बाहेर ३८ ग्रॅम. वाढ म्हणजे ७१ वजा ४२, २९ ग्रॅम. खाल्लेले म्हणजे ७१ वजा ३८, ३३ ग्रॅम. चौकट पाव चौरस मीटरची असल्याने ४० ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात: वाढ ११६०, खाल्लेले १३२०. उभे गवत हेक्टरी १६० किलोने घटले. हा आकडा एका कापणीत छोटा वाटतो, पण ओळीने तीन कापण्यांत तो असाच येत राहिला तर जनावरे कमी करा किंवा कुरणाला जास्त दिवस विश्रांती द्या. ‘खाल्लेले’ यात तुडवून मातीत गेलेले गवतही येते, हे ध्यानात असू द्या. कापणी सगळीकडे एकाच उंचीवर, जमिनीलगत पण ठोंबाचे बूड न उपटता. गवत ६० ते ६५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे, त्याला साधारण ४८ तास लागतात. ओले वजन वापरू नका. सकाळच्या दवाने आकडा कुठल्या कुठे जातो.

एखाद्या जोडीत वाढ उणे येते. ती शून्य धरण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. दोन जागा कधीच तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे चूक दोन्ही दिशांना होते. उण्या चुका पुसल्या आणि अधिकच्या ठेवल्या, तर सरासरी खोटी वर जाते. एकसारख्या कुरणाच्या तुकड्यात सहापेक्षा कमी पिंजरे ठेवले तर हा चढउतार सरासरीत जिरत नाही. दहा असले तर उत्तम.

पिंजरा एका जागी वर्षभर ठेवून देणे, हा मात्र या साधनाचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. असा पिंजरा न चरलेल्या गवताची गोष्ट सांगतो, आणि प्रश्न तर चरलेल्या गवताचा असतो. गवताचे अजून पूर्ण न उलगडलेले पाते कापून पाहा. टोक सरळ, बोथट होते. चार-पाच दिवसांनी तेच बोथट टोक वर सरकलेले दिसते, कारण पाते शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढते. वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, तोवर जनावराच्या दातांत पाते सापडते, कोंब सापडत नाही. दांडा लांबून कोंब वर आला आणि खुडला गेला, की त्या फुटव्याची वाढ संपते आणि बुडाच्या डोळ्यांतून नवे फुटवे यावे लागतात. नव्या फुटव्यांना बुडाशी उजेड लागतो. चरलेल्या ठोंबात तो पोहोचतो. कायम झाकलेल्या ठोंबात जुनी पाती साचतात, बूड अंधारात राहते, दांडे लांबतात आणि फुटवे कमी होतात. दोन महिन्यांत आतले आणि बाहेरचे गवत वेगळ्याच घडणीचे होऊन बसते. म्हणून वाढीच्या दिवसांत दर तीन ते चार आठवड्यांनी, वाढ मंद असताना सहा ते आठ आठवड्यांनी, प्रत्येक पिंजरा नव्या जोडीवर न्यायलाच हवा.

पिंजऱ्याचा स्वतःचाही परिणाम असतो. आत वारा कमी, ओल थोडी जास्त टिकते. वर पक्षी बसले तर विष्ठेने गवत गडद हिरवे होते, सपाट झाकणाच्या पेटीत हे जास्त. परिणाम किती, ते तपासायचे असेल तर दोन पिंजरे जनावरे जात नाहीत अशा जागी ठेवा. तिथे आत-बाहेर वजन सारखे यायला हवे.

दोन गोष्टी हे साधन सांगू शकत नाही. एक, मुळे. गवत कापल्याने मुळांवर काय होते ते तपासणारे अमेरिकी संशोधक क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पानोऱ्याचा ८० टक्के भाग एकदम काढल्यावर मुळांची वाढ १२ दिवस पूर्ण थांबली, निम्मा भाग काढला तेव्हा मात्र फारच थोडी मुळे थांबली. पिंजऱ्याच्या आकड्यांत वाढ चांगली दिसत असतानाही मुळे आखडत असू शकतात. म्हणून बाहेरचे वजन आतल्या वजनाच्या निम्म्याखाली वारंवार गेले, तर तो आकडा लाल शाईने लिहा.

दुसरी गोष्ट, गवतांची अदलाबदल. अमेरिकी कुरणतज्ज्ञ डिकस्टरहुइस यांनी १९४९ मध्ये मांडलेली विभागणी अजून उपयोगी आहे: चराईने घटणारी, चराईने वाढणारी आणि बाहेरून शिरणारी झाडे. उंच, चवदार, ठोंबाची गवते आधी घटतात. हराळीसारखी जमिनीला चिकटून धावणारी गवते तग धरतात. कुसळीसारखी गवते बीज धरल्यावर जनावरे टाळतात, आणि ती मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. हा बदल वजनात दिसत नाही, हराळीचे ७१ ग्रॅमही ७१च असतात. त्यासाठी २० बाय ५० सेंटिमीटरची डॉबेनमायर चौकट कायम खुणेच्या जागी ठेवून दरवर्षी एकाच हंगामात प्रत्येक जातीचे आच्छादन, म्हणजे चौकटीतला किती भाग ती झाकते ते, सहा वर्गांत नोंदवायचे: ५ टक्क्यांपर्यंत, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५, ७५ ते ९५ आणि त्यावर. वर्ग मुद्दामच रुंद आहेत, त्यामुळे दोन माणसांच्या अंदाजात फार तफावत पडत नाही. खुणेचे खुंट जमिनीच्या पातळीला ठोका. वर उरलेला खुंट गुरे अंग घासायला वापरतात, आणि मग नेमकी मोजायची जागाच तुडवली जाते.