कॅम्पर व्हॅनमध्ये ५ किलोचा सिलिंडर: सोलापूरच्या उन्हापासून थंडीपर्यंतचा अनुभव

ऐन उन्हाळ्यात व्हॅन तयार करून घेतली, आता थंडी लागली आहे. मधल्या काळात तुळजापूर, अक्कलकोट, नळदुर्ग, पंढरपूर आणि लांबचे दौरेही झाले. ‘गॅसचं काय करता?’ हा प्रश्न सोलापुरातले ओळखीचे लोक हमखास विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत पक्कं झालंय: गाडीत कायमची टाकी बसवून ती कुठे भरायची याच्या मागे लागू नका. ५ किलोचा एफटीएल सिलिंडर घ्या, म्हणजे ‘फ्री ट्रेड एलपीजी’, घरगुती कनेक्शनशिवाय विकत मिळणारा. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा.

परदेशातल्या व्हॅनना प्रोपेनची टाकी असते, ती पंपावर नळी लावून भरतात. तिथेही भरताना अडचणी येतातच. टाकीतली तरंगत्या गोळ्याची झडप साधारण ८० टक्क्यांवर गॅस थांबवते. टाकी तापलेली असली की आतला दाब वाढतो आणि गॅस सावकाश जातो. नव्या टाकीतली हवा काढली नसेल तर ती जागा अडवते, टाकी अर्धवटच भरते. आपल्याकडे तर प्रश्न आणखी आधी सुरू होतो. ऑटो एलपीजीचा पंप गाडीच्या इंधनाच्या टाकीसाठी असतो, शेगडीच्या टाकीसाठी नाही.

मग कुणीतरी गल्लीतल्या भरून देणाऱ्याचा पत्ता देतो. तिथे अजिबात जाऊ नका. मोठ्या सिलिंडरमधून नळीने लहानात गॅस सोडणं बेकायदा आहेच, पण खरा धोका वेगळा आहे. प्लांटमध्ये गॅस वजनावर भरतात आणि वर वाफेसाठी जागा ठेवतात. अंदाजे भरणाऱ्याकडे ती जागा राहिलीच याची खात्री कोण देणार? द्रव गॅस उष्णतेने फुगतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभी गाडी त्याहून कितीतरी तापते. काठोकाठ भरलेला सिलिंडर अशा गाडीत ठेवायची कल्पनाही नको.

एफटीएल ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या विक्रेत्याकडे बदलता येतो. गावात शिरण्याआधी फोन मात्र करा. एफटीएलचा बोर्ड लावलेल्या एका पेट्रोल पंपावर सिलिंडर शिल्लकच नव्हता आणि संध्याकाळचा स्वयंपाक अडला. किलोमागे दर घरगुतीपेक्षा जास्त पडतो. प्रवासात मला तो परवडतो.

घेताना घाई करू नका. सिलिंडरवर रिकामं वजन छापलेलं असतं, त्यात ५ मिळवा आणि काट्यावर टाकून बघा. मी लटकवायचा डिजिटल काटा गाडीतच ठेवतो. सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदतही त्यावर वाचा, ती अक्षर आणि सालात असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे साल. नंतर सील काढून झडपेवर पाण्याचे दोन थेंब सोडायचे. हैदराबाद रोडवरच्या एका पंपावर बारीक बुडबुडे सलग येत राहिले. बोटाने चाचपलं तर आतली काळी रबरी रिंग नव्हती. “काका, सीलबंदच आलाय,” पोरगा म्हणाला, पण लगेच दुसरा काढून दिला. त्यावरचा थेंब तसाच स्थिर राहिला, तेव्हाच तो उचलला.

गाडीत जागा कुठे, हे सिलिंडरइतकंच महत्त्वाचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो. म्हणून मागच्या बाजूला बाहेरून उघडणारी पेटी केली, आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर जाणारी भोकं. सिलिंडर उभाच, पट्ट्याने आवळलेला. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर काढून टोपी लावतो, यात अपवाद नाही. गळतीची शंका आली तर १९०६ हा नंबर आहे.

उणीव एकच मोठी वाटली. दोन्ही बर्नर बराच वेळ मोठे ठेवले की लहान सिलिंडर गार पडतो, अंगावर दव धरतं आणि ज्योत बसते. थंडीच्या पहाटे हे लवकर होतं. त्याला गरम पाण्यात ठेवू नका. एक बर्नर बंद करा, थोडं थांबा. भाकरी-चटणी घरूनच न्यायची सवय असल्याने आमचं चहा, भात आणि पिठलं यावर भागतं, तेवढ्याला एक बर्नर पुरतो.

पुढचा सिलिंडर फायबरचा घेणार आहे. तो हलका असतो, गंजत नाही आणि उजेडात धरला की आतली पातळी दिसते. फक्त त्यासाठी वेगळी अनामत भरावी लागते.