मांजराच्या पिल्लासाठी हार्नेस आणि लीश: काही महिने वापरल्यानंतर काय टिकलं, काय निसटलं

पिल्लू अडीच-तीन महिन्यांचं असल्यापासून ते मोठं होईपर्यंत वेगवेगळ्या प्रकारचे हार्नेस (गळ्या-छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा किंवा कापडी साज) आणि लीश (त्याला अडकवून हातात धरायचा पट्टा) वापरून झाल्यावरचा हा अनुभव आहे. निवाडा आधीच सांगितलेला बरा. वाढत्या पिल्लासाठी एच आकाराचा पट्ट्यांचा हार्नेस सगळ्यात उजवा ठरला, कारण त्यात गळ्याचा आणि छातीचा पट्टा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. कापडी जाकिटाचा नंबर दुसरा, तोही पिल्लाची वाढ मंदावल्यावर. पुढचे पाय आत घालून पाठीवर एकाच बकलने बंद होणारा प्रकार कुत्र्यांना चालतो, मांजरासाठी तो घेऊच नये. आणि नुसत्या गळपट्ट्याला लीश अडकवायची नाही. हिसका बसला की सगळा जोर श्वासनलिकेवर येतो, आणि सुरक्षित गळपट्टा तर ताण आला की आपोआप उघडण्यासाठीच बनवलेला असतो.

पाकिटावर 'निसटणार नाही' असं छापलेलं असतं त्याकडे पाहून खरेदी करू नका. मांजराची हासळीची हाडं अगदी बारीक असतात आणि ती खांद्याला सांध्याने जोडलेली नसतात, स्नायूंमध्येच असतात. त्यामुळे खांदे आत दुमडतात आणि डोकं गेलं की बाकीचं अंगही जातं. पिल्लू पुढे पळताना सहसा निसटत नाही, निसटतं ते मागे सरकताना. घाबरलं की छाती जमिनीला टेकवतं, कोपरं पुढे घेतं, हनुवटी आत ओढतं आणि मागच्या पायांनी रेटा देत उलटं सरकतं. त्या क्षणी लीश समोरून ताणलेली असेल तर हार्नेस जागच्या जागी राहतो आणि पिल्लू त्यातून मागे निघतं. आधी छातीचा पट्टा कोपरांवरून पुढे येतो, मग कान सपाट होतात, आणि गळ्याचा पट्टा कानांवरून गेला की खेळ संपला. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. एकदा जमलं की पिल्लू ती युक्ती विसरत नाही, पुढच्या वेळी घाबरलेलं नसतानाही करून पाहतं.

म्हणून हार्नेस तपासताना एकच प्रश्न विचारायचा: तो डोक्याच्या दिशेने ओढला तर किती पुढे येतो? बंद खोलीत हार्नेस घालून, पाठीवरची कडी दोन बोटांत धरून, डोक्याकडे हळू आणि सारखा ताण द्या. हिसका नको. गळ्याचा पट्टा कानांच्या मुळाशी पोचला किंवा छातीचा पट्टा कोपरापर्यंत आला तर तो हार्नेस बाहेर न्यायच्या लायकीचा नाही. ही तपासणी पिल्लू उभं असताना करा. बसलेल्या पिल्लाची छाती वेगळी भरते आणि बसवलेलं माप फसवं निघतं.

माप घ्यायला शिंप्याची मऊ टेप लागते. नसेल तर सुतळीचा तुकडा आणि पट्टी चालते. गळ्याचं माप खांद्याच्या अगदी वर, जिथे मान जाड होते तिथे घ्यायचं, गळपट्टा बसतो तिथे नाही. छातीचं माप पुढच्या पायांच्या लगेच मागे, सगळ्यात रुंद भागावर. टेप केसांवर तरंगू न देता केस दाबून लावा. लांब केसांच्या पिल्लात याने बराच फरक पडतो आणि तोच फरक ओल्या केसांत हार्नेस सैल करतो. मग हार्नेसच्या मापाची कमाल-किमान मर्यादा पाहा. समजा छाती 23 सेंमी आहे. 23 ते 34 असं लिहिलेला हार्नेस घेऊ नका, कारण तो आजच शेवटपर्यंत आवळावा लागेल आणि अजून घट्ट करायला जागाच उरणार नाही. 20 ते 30 चा घ्या. आज नीट बसतो, वाढायला जागा असते आणि आवळायला दोन-तीन सेंमी हाताशी राहतात. 'वाढत्या अंगाचा' म्हणून मोठा घेण्याची सवय कपड्यांपुरती ठीक, इथे ती पिल्लाच्या जिवावर बेतू शकते.

निरोगी पिल्लू पहिले चार-पाच महिने आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढतं. दोन महिन्यांचं किलोच्या आसपास असतं, चार महिन्यांचं जवळजवळ दुप्पट. त्यामुळे या काळात दर आठवड्याला बोट घालून पाहायलाच हवं. पिल्लाला नियम एका बोटाचा: पट्ट्याखाली एक बोट सपाट आणि थोडं घासत जावं. दोन बोटांचा जो नियम सगळीकडे सांगतात तो मोठ्या मांजराचा आहे. किलोभराच्या पिल्लावर दोन बोटं म्हणजे निसटायला मोकळी वाट.

एच आकाराच्या हार्नेसमध्ये दोन्ही पट्ट्यांना जोडणारी पाठीवरची आणि पोटाखालची पट्टी असते. तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ही पट्टी आखूड पडली की छातीचा पट्टा काखेत जातो आणि आधी केस घासून जातात, मग कातडी लाल होते. लांब पडली की तो बरगड्यांच्या शेवटाकडे, मऊ पोटाकडे सरकतो, तिथे घेर सारखा बदलतो आणि पकड राहत नाही. पट्टा काखेच्या मागे साधारण एक बोट अंतरावर बसला पाहिजे. पाठीची पट्टीही कमी-जास्त करता येईल असा हार्नेस मिळाला तर तोच घ्या, रंग आवडला नाही तरी. आठाच्या आकाराचे हार्नेस दिसायला असेच असतात, पण काहींमध्ये दोन फास एकाच कडीतून सरकतात, त्यामुळे ओढ बसली की गळ्याचा फास आवळतो. तो हातात धरून ओढून पाहा. गळ्याचा घेर लहान होत असेल तर परत ठेवा.

जाकिटाबद्दल मत थोडं सविस्तर द्यायला हवं, कारण विकत घेणाऱ्यांचा ओढा तिकडेच असतो. मोठ्या मांजरावर नीट बसलेलं जाकीट खरंच चांगली पकड देतं, दाब सगळ्या छातीवर पसरतो आणि ओढणाऱ्या मांजराला ते पट्ट्यांपेक्षा सोयीचं पडतं. पिल्लाची गोष्ट निराळी. सगळ्यात लहान मापाचं जाकीटही खांद्यांवर ढगळ होतं, आणि त्याला आवळायची सोय एकाच ठिकाणी असते. वजन पाहा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जाकीट आणि लीशची कडी मिळून 60-70 ग्रॅम भरलं, तर किलोभराच्या पिल्लासाठी ते अंगाच्या सहा-सात टक्के झालं. एच आकाराचा 10 मिमी रुंद नायलॉनचा हार्नेस याच्या निम्म्याहून कमी भरतो. जाकिटात पिल्लू तापतंही लवकर. मांजराला घाम फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो, त्यामुळे ते तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर फिरणं तिथेच थांबवून सावलीत न्यायचं.

वेल्क्रोचा अनुभव काही महिन्यांनी बदलतो. नवीन असताना ते घट्ट धरतं, पण त्याच्या आकड्यांमध्ये केस अडकत जातात आणि पकड हळूहळू जाते. ते सरळ ताणाला चांगलं टिकतं, पण एका कडेने उकलायला लागलं की झरकन सुटतं, आणि मागे सरकणारं पिल्लू नेमका कडेवरच जोर देतं. शिवाय उघडतानाचा चर्र आवाज कानाशी होतो, तो बऱ्याच पिल्लांना सहन होत नाही. त्यामुळे नुसत्या वेल्क्रोवर बंद होणारं जाकीट नको. वेल्क्रोवरून बकलचा पट्टा जात असेल तरच विचार करा, आणि आकड्यांतले केस दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने किंवा सुईने काढत जा.

बाकीच्या भागांत सगळ्यात लबाड भाग म्हणजे पट्टा अडकवून धरणारी छोटी प्लॅस्टिकची चौकट, म्हणजे स्लायडर. गुळगुळीत, पातळ नायलॉन त्यातून दर फेरीला दोन-तीन मिमी सरकतं. डोळ्याला कळत नाही, आणि काही फेऱ्यांनी हार्नेस बोटभर सैल झालेला असतो. माप बसल्यावर स्लायडरच्या दोन्ही कडांना पट्ट्यावर पक्क्या शाईच्या पेनाने बारीक रेघ मारून ठेवा. बाहेर पडण्याआधी रेघ जागेवर आहे का एवढं पाहिलं की झालं. सरकत असेल तर तिथे एक जाड टाका घालता येतो, माप वाढवताना तो उसवायचा. उरलेलं टोक लोंबू देऊ नका, पिल्लू ते चावतं. कडी वाकवलेल्या तारेची असेल तर तिच्या सांध्यात नख घालून पाहा. फट असेल तर पट्ट्याची कड हळूहळू त्यातून बाहेर येते. कडीजवळची शिवण चौकोनात फुलीची किंवा दाट आडव्या टाक्यांची असावी, एकेरी सरळ शिवण पुरत नाही.

लीश हलकी हवी. 10 मिमी रुंद, दीड ते दोन मीटर लांब, टोकाला छोटा फिरता हुक. हुक जड असेल तर तो पाठीवर एका बाजूला लोंबतो, हार्नेस फिरवतो आणि दोन्ही पट्टे तिरके बसतात. पिल्लू सारखं एका बाजूला वळून पाहत असेल तर बहुधा हेच कारण असतं. गुंडाळली जाणारी लीश मांजराला वापरू नका. तिचा ताण कधीच सुटत नाही, आणि हातातून निसटली तर तो प्लॅस्टिकचा डबा खडखडत पिल्लाच्या मागे धावतो. पिल्लू जितकं पळतं तितका तो पाठलाग करतो. मध्ये थोडा लवचीक भाग असलेली लीश मात्र आवडली, अचानक उडी मारली तर हिसका मऊ होतो. साडेतीन-चार महिन्यांपासून सहाव्या महिन्यापर्यंत दात बदलतात, त्या काळात लीश चावली जातेच. दर वेळी ती बोटांतून पूर्ण ओढून पाहा. कड खरखरीत लागली की बदला.

सवय लावताना घाई केली तर सगळं फुकट जातं. पहिले दोन-तीन दिवस हार्नेस नुसता खाण्याच्या वाटीजवळ पडू द्या. मग गळ्यात घालून लगेच खायला द्या आणि काढा. त्यानंतर दोन्ही बकल लावून दोन ते पाच मिनिटं, तीही खेळता खेळता. बकल अंगावर लावताना खटका दाबून धरला तर 'टक' आवाज कमी होतो. पिल्लू आडवं पडलं, पोट टेकून सरपटायला लागलं किंवा पुतळ्यासारखं थिजलं तर ते आजारी नाही, अंगावरच्या दाबाने तसं होतं. उचलून उभं करू नका, समोर पिसाची काठी हलवा आणि एक पाऊल टाकलं की हार्नेस काढून घ्या. घरात सहज पळू लागलं की लीश मागे लोळू द्या, पण नजर ठेवून. हार्नेस घातलेलं पिल्लू एकटं सोडायचं नाही: अंग चाटताना खालचा जबडा पट्ट्यात अडकतो, आणि लीश फर्निचरला अडकून ते उंचावरून लोंबकळू शकतं. याच कारणाने लीश बाल्कनीत किंवा कुठेही बांधून ठेवायची नाही.

बाहेर न्यायचं ते लसींचा पहिला संच पूर्ण झाल्यावरच. तो सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतो, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा 16 आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर. पिसू-गोचिडीचं औषध मांजराचंच घ्या, कुत्र्यांच्या औषधातलं पर्मेथ्रिन मांजराला विषारी आहे. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं असेल तर टाके बरे होईपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, हार्नेस बाजूला ठेवा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) करून घ्या, पण मांजर कुठे आहे हे ती दाखवत नाही. सापडलेलं मांजर कुणाचं एवढंच स्कॅनरने कळतं.

पिल्लाला दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर दार उघडलं की धूम ठोकायची सवय लागते. हार्नेस आणि लीश घरात घालून, बास्केटमध्ये बसवून न्या आणि शांत जागी बास्केट उघडा. लीश नेहमी पिल्लाच्या मागे किंवा वर असू द्या, तोंडासमोरून कधीही ओढू नका. ते मागे सरकायला लागलं की आपलीही पावलं त्याच दिशेने गेली पाहिजेत, म्हणजे ताण सुटतो आणि हार्नेस जागेवर राहतो. अर्धवट निसटलंच तर ओढू नका, खाली बसा, अंगावर टॉवेल टाका आणि टॉवेलसकट उचला. टॉवेल म्हणून बास्केटमध्येच ठेवायचा. पूर्ण सुटलं तर मागे धावल्याने ते आणखी दूर जातं. बास्केट उघडी ठेवून जवळ बसा आणि खाऊचा डबा वाजवा.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे, वेल्क्रो बंद करून, आणि वाळवायचं सावलीत. उन्हाने नायलॉन आणि प्लॅस्टिक दोन्ही कडक होतात. बकलच्या जिभांवर पांढरट रेघ दिसली तर ती तडा जाण्याआधीची खूण असते. असा हार्नेस दुसऱ्या पिल्लासाठी कुणाला देऊ नका, बकल कापून मगच टाका.