‘वाँड ऑफ वंडर’: बेभरवशाची, तरीही हवीशी कांडी
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, खेळाडूंनी काल्पनिक पात्रे रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील ही जादूची कांडी वापरताना १ ते १०० पर्यंतचा आकडा फाशांनी ठरतो आणि त्यापुढे तक्त्यात जे लिहिले असेल ते निमूटपणे स्वीकारावे लागते. आमच्या डावात राक्षसावर रोखलेल्या कांडीतून आगीच्या गोळ्याऐवजी ६०० मोठाली फुलपाखरे निघाली, आणि त्यांच्या दाटीत कोणाला काहीच दिसेनासे झाल्यामुळे आम्हाला सुखरूप पळ काढता आला. कांडीत ७ चार्ज (म्हणजे वापराच्या खेपा) असल्याने घोळ आटोक्यात राहतो. ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’ या खेळातल्याच जादूच्या पत्त्यांच्या जोडाचे तसे नाही, त्यातले एकच पान पात्राचा आत्मा कैद करून महिनोन्‌महिने रंगलेली मोहीम उधळू शकते, म्हणून ते पत्ते मी (भित्रा म्हटले तरी चालेल) शेवटच्या सत्राआधी बाहेर काढणार नाही.