गूगल स्कॉलर की स्कोपस, झेनोडो की ड्रायड: पीएचडीला बसताना

ग्रंथालयात येणारे पीएचडीचे विद्यार्थी हमखास विचारतात: "गूगल स्कॉलरवर सगळं मिळतं, मग स्कोपस कशाला?" प्रश्न रास्त आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निवडक संशोधन नियतकालिकांच्या, वर्गणी भरून वापरायच्या सूची आहेत. 2018 साली सुमारे साडेचोवीस लाख सायटेशन (एका लेखनात दुसऱ्या लेखनाचा दिलेला संदर्भ) तपासणाऱ्या एका अभ्यासात वेब ऑफ सायन्समधली 95 टक्के आणि स्कोपसमधली 92 टक्के सायटेशन स्कॉलरलाही सापडली होती. त्याखेरीज स्कॉलरकडे पुस्तके, प्रबंध आणि इंग्रजीबाहेरचे लेखन होते, ते वेगळेच. तुमचा विषय मराठी साहित्य किंवा प्रादेशिक इतिहास असेल, तर सुरुवात स्कॉलरनेच करा. जोडीला इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या राष्ट्रीय केंद्राचे शोधगंगा हे संकेतस्थळ उघडा. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात, मराठीतलेसुद्धा.

मात्र तुम्हाला जे सापडले ते परीक्षकालाही त्याच शब्दांनी सापडेल का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. इथे स्कॉलर कमी पडते. वर आकडा कितीही मोठा दिसला तरी एका शोधाचे जास्तीत जास्त 1000 निकाल बघता येतात, आणि ते कोणत्या क्रमाने लावले हे कळत नाही. 2020 मध्ये दोन संशोधकांनी 28 शोधसाधने या कसोटीवर घासून पाहिली. पद्धतशीर आढाव्याचे (ठरवलेल्या शोधवाक्यांनी आधीचे संशोधन धुंडाळून केलेल्या आढाव्याचे) मुख्य साधन म्हणून 14 योग्य ठरली. स्कोपस, वेब ऑफ सायन्स, वैद्यकशास्त्राचे पबमेड त्यांत होती, स्कॉलर नव्हते. त्यामुळे प्रबंधात असा आढावा एक प्रकरण म्हणून येणार असेल, तर स्कोपसला पर्याय शोधू नका. शोधवाक्य आणि तारीख वहीत टिपून ठेवा. महाविद्यालयाकडे वर्गणी नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसा. 2022 पासूनचे ओपनअ‍ॅलेक्स हीही संशोधनलेखनाची सूचीच, पण फुकट आणि पूर्ण खुले आहे, पूरक म्हणून चांगले. फक्त सारख्या नावाच्या लेखकांची तिथे गल्लत होते, ती तपासून घ्या.

डेटा कुठे ठेवायचा, हाही प्रश्न त्याच कसोटीवर, म्हणजे दुसऱ्यालाही ते मिळेल का यावर, सुटतो. बरेच जण "मागितल्यास देऊ" असे लिहून मोकळे होतात. 2022 च्या एका अभ्यासात असे लिहिणाऱ्या 1792 शोधनिबंधांच्या लेखकांकडे खरोखर डेटा मागितला. 93 टक्क्यांनी उत्तरच दिले नाही किंवा नकार दिला. हा पर्याय मी कुणालाही सुचवत नाही.

झेनोडो आणि ड्रायड ही संशोधनाचा डेटा जपून ठेवणारी ऑनलाइन भांडारे. झेनोडो सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेचे आहे, 2013 पासूनचे. पैसे लागत नाहीत, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत मावते आणि नोंद प्रकाशित करताच डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. पण फाइल उघडते का, रकान्यांची नावे दुसऱ्याला कळतील का, हे तिथे कुणी बघत नाही. ड्रायडमध्ये माणसे डेटा तपासतात, त्रुटी कळवतात, मगच प्रकाशित करतात. त्याचे शुल्क पडते, आणि डेटा सीसी-झिरो परवान्याखाली, म्हणजे सर्व हक्क सोडूनच द्यावा लागतो. जीवशास्त्राची मोजमापे असतील आणि शुल्क संस्था भरणार असेल, तर मी ड्रायड निवडेन.

गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती असतील तर ड्रायड नकोच, कारण तिथे डेटावरचे सर्व हक्क सोडावे लागतात. बोलणाऱ्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. झेनोडोवर नोंद सर्वांना दिसते आणि फाइली तुम्ही परवानगी द्याल त्यांच्यापुरत्या मर्यादित ठेवता येतात. तरीही चढवण्याआधी नावे, वाड्या-वस्त्या, ओळख पटेल असे सगळे तपशील काढा, आणि संमतिपत्रात डेटा जपून ठेवण्याचा उल्लेख पहिल्या मुलाखतीपासूनच असू द्या. नंतर त्या माणसांना पुन्हा गाठणे फार अवघड जाते.