फ्रेटवाला बास घ्यावा की फ्रेटलेस?

ऑर्केस्ट्रात काही वर्षं बास गिटार वाजवला की फ्रेटलेसची हौस येतेच. फ्रेट म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या; फ्रेटलेसवर त्या नसतात. जळगाव-धुळ्याकडचं कुणी "घेऊ का?" म्हणून विचारतं, तेव्हा मी आधी एवढंच विचारतो: तुम्ही वाजवता तिथे स्वतःचा बास नीट ऐकू येतो का?

फ्रेटवर तार धातूवर टेकते. बोट त्याच्या मागे थोडं पुढेमागे पडलं तरी सूर तोच निघतो. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास आणला तो याच सोयीवर. फ्रेटलेसवर तार थेट लाकडावर दाबायची. बोट पडेल तो सूर. फ्रेट जिथे असती, बरोबर त्या रेषेवर बोट हवं. ३४ इंची तारेच्या बासवर पहिलं घर (दोन फ्रेटमधली जागा) जवळजवळ ४.८ सेंटिमीटरचं, बारावं अडीचचं. म्हणून एका मिलिमीटरची चूक पहिल्या घरात खपून जाते, बाराव्यात तीच दुप्पट टोचते. वरातीच्या गोंगाटात, शेजारी ऑक्टोपॅड आणि समोर भिंतीएवढे स्पीकर असताना ही चूक तुम्हाला कळणारच नाही. ती कळते गायकाला.

त्यामुळे हळदीचे कार्यक्रम, अहिराणी गाण्यांचा स्टेज, कानबाईच्या उत्सवातला नाच, यासाठी फ्रेटवालाच ठेवा. तिथे सूर तुटक आणि ठसठशीत लागतो. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोका, करायचा तर तारेचा धातूवर आपटणारा खणखणाट हवा. लाकडावर तो बोथट होतो. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

फ्रेटलेसची खरी श्रीमंती लांब सुरात आहे. वादक ज्याला 'म्वा' म्हणतात तो आवाज, म्हणजे छेडल्यानंतर सूर आतून उमलल्यासारखा येणं, तार लाकडाला किंचित घासत कंप पावते म्हणून निघतो. त्यासाठी तार लाकडाच्या अगदी जवळ, नेक जवळपास सरळ, ब्रिजकडचा (तारा बॉडीवर टेकतात त्या पट्टीकडचा) पिकअप, म्हणजे आवाज उचलणारं चुंबक, उघडा आणि उजवा हातही ब्रिजकडे. फ्रेटलेस बाससाठी गाजलेल्या जॅको पास्टोरियसचा १९७६ चा पहिला अल्बम ऐकलात तर मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. त्याने फिंगरबोर्डवर (तार दाबायच्या लाकडी पट्टीवर) इपॉक्सी या कडक राळेचा थर दिला होता, त्यामुळे आवाज आणखी चकचकीत झाला आणि राउंडवाउंड (खरबरीत वेढ्यांच्या) तारांनी लाकूड खरवडायचीही भीती कमी झाली. असा थर नसेल तर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा लावा. धार जाते, पण लाकूड वाचतं. भजनाला तो गोल आवाज मला तरी जास्त आवडतो.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, घ्या. फ्रेटवर सरकत गेलात तर मधला प्रत्येक अर्धसूर पायरीसारखा ऐकू येतो. तार आडवी ओढून सूर चढवता येतो, पण बासची जाड तार फार ओढली जात नाही आणि फ्रेटच्या सुराखाली तर जाताच येत नाही. फ्रेटलेसवर सा ते प सलग जाता येतं. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार घ्यायचा तर बोट तारेच्या लांबीत मागेपुढे डोलवायचं, व्हायोलिनसारखं. सूर दोन्ही बाजूंना हलतो. अंगठ्याने तारेला हलका स्पर्श करून कृत्रिम हार्मोनिक (बासरीसारखा पातळ, उंच सूर) काढा आणि डावा हात सरकवा, तोही सलग घसरत जातो. दोन सूर एकत्र दाबणं मात्र अवघड: दोन्ही बोटं नेमकी हवीत, नाहीतर आवाज लहरतो. अभंग, भावगीत, गझल यांच्या मागे हे सगळं कामी येतं. फक्त हार्मोनियम सोबत असेल तर जपून. तिचा सूर हलत नाही, तुमचा हलतो.

हवेचाही विचार करा. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं हाताला बोचू लागतात. फ्रेटलेसला ही कटकट नाही, पण नेक किंचित वाकली तरी 'म्वा' गायब होतो किंवा तार फरफरते. पावसाळा लागला की ट्रस रॉड (नेकचा वाक सांभाळणारी आतली सळई) पुन्हा तपासायचा. हे जमत नसेल तर जमणारा माणूस आधी शोधून ठेवा.

एकच बास परवडत असेल तर फ्रेटवाला घ्या. दुसरा घेणार असाल तर नव्यावर खर्च करण्याआधी घरातल्या जुन्या बासचे फ्रेट काढण्याचा विचार करा. सोल्डरिंग आयर्नने तापवून सावकाश उपटायचे, खाचांत पातळ लाकडी पट्ट्या चिकटवून घासायच्या आणि नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचाही खोल करायच्या, नाहीतर पहिल्या घरात तार फार उंच राहते. हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्या. भरलेल्या खाचांच्या रेषा दिसत राहतात आणि सुरुवातीला त्यांचाच आधार होतो. विकत घेतानाही रेषावालाच मागा. बिनरेषेचा दिसतो देखणा, पण नेकच्या कडेचे ठिपके बघून वाजवायचं तर नजर सारखी तिथेच अडकते. रोजच्या सरावाला तानपुऱ्याचं ॲप लावा आणि एकेक सूर त्यावर ताडून पाहा.