ऑल्बनीचं स्कायलर मॅन्शन: कॅथरिनचं सासर आणि नदीपलीकडचं माहेर

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. तिथल्या कॅथरिन स्ट्रीटवरचं हे विटांचं घर बहुतेक लोक बघतात ते अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याची सासुरवाडी म्हणून. १४ डिसेंबर १७८० ला त्याचं आणि एलिझाबेथ स्कायलरचं लग्न इथेच लागलं. पण तासाभराची फेरी घेताना नजर एलिझाबेथच्या आईवर ठेवलीत, तर हे घर जास्त उलगडतं. कॅथरिन व्हॅन रेन्सेलर स्कायलर (१७३४–१८०३) हडसन खोऱ्यातल्या जुन्या डच घराण्यातली. नवरा फिलिप अमेरिकन सेनापती, कधी व्यापारासाठी, कधी लढाईसाठी बाहेर. घर, शेती, कुळं आणि पाहुणे यांचा कारभार कितीतरी वेळा तिच्याकडेच.

सुरुवात बांधकामापासून करा. फिलिप १७६१ च्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यातला आपला वरिष्ठ कर्नल ब्रॅडस्ट्रीट याचे हिशेब मार्गी लावायला इंग्लंडला गेला आणि १७६२ च्या अखेरीस परतला. त्याच काळात या घराचं काम उभं राहिलं. कॅथरिनच्या पदरात तेव्हा पाच, तीन आणि दोन वर्षांच्या मुली होत्या. सगळं घर तिनं एकटीनं बांधून घेतलं असं म्हणणं मात्र बरोबर नाही, कारण खुद्द ब्रॅडस्ट्रीटही कामावर लक्ष ठेवून होता. दारातला षटकोनी प्रवेशकक्ष १९ व्या शतकातली भर आहे. मूळ दर्शनी भाग बघताना तो मनातून वगळा.

आतला भिंतीचा कागद घाईघाईत ओलांडू नका. इंग्लंडमध्ये असताना फिलिपनं रोमच्या भग्न वास्तूंची राखाडी छटांतली चित्रं असलेला कागद घेतला होता; आज मधल्या दालनात त्याची नव्यानं केलेली प्रतिकृती आहे. दिवाणखान्यांतला कागद वेगळा, 'फ्लॉक' प्रकारचा. नक्षीपुरता चिकट थर द्यायचा आणि त्यावर लोकरीची बारीक पूड भुरभुरायची. वाळल्यावर नक्षी मखमलीसारखी वर उठते. समोरून बघितलं तर साधा रंगच वाटतो. खिडकीच्या कडेला उभं राहून उजेड तिरका पडेल असं बघा, म्हणजे लव दिसेल. हात लावायचा नाही. लोकर म्हटली की कसर आली आणि जुनी खळ ओलीनं सुटते. असा कागद मूळचा क्वचितच टिकतो, त्याचं कारण हेच.

जेवणघरात १७७७ चा ऑक्टोबर आठवा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला. साराटोगाला स्कायलरांचं दुसरं घर होतं, गिरण्या आणि शेतीचा पसारा असलेलं. ब्रिटिश सेनापती बर्गॉइननं ते जाळलं आणि १७ ऑक्टोबरला शरणागती पत्करली. फिलिप तिकडेच थांबला. इकडे ऑल्बनीत, ज्यानं आपलं घर जाळलं त्याच माणसाचा पाहुणचार कॅथरिनच्या वाट्याला आला. आपल्यासाठी आणि सोबत्यांसाठी वीसहून जास्त पानं मांडली जात होती, असं बर्गॉइननं पुढे ब्रिटिश संसदेत स्वतः सांगितलं. हा मुक्काम काही दिवसांचा होता, आणि लढाईचा हंगाम असल्यानं सगळ्याच मालाची ओढाताण होती. या घराबद्दलच्या सगळ्या गोष्टींत ही मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला पाहुण्याचीच साक्ष आहे.

ब्रिटिशांच्या हाती लागू नये म्हणून कॅथरिननं उभा गहू पेटवला, ही गोष्ट मात्र जपून घ्या. ती घरच्यांच्या आठवणींतून पुढे आली आणि चित्रकार लॉइट्झेच्या १८५२ च्या चित्रामुळे घराघरांत पोचली. जिन्याच्या कठड्यावरची टॉमाहॉकची, म्हणजे मूळ अमेरिकनांच्या छोट्या कुऱ्हाडीची, खूणही तशीच. फिलिपला पकडायला ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांनी ऑगस्ट १७८१ मध्ये या घरावर केलेला हल्ला खरा; कुऱ्हाड फेकल्याची कथा कौटुंबिक परंपरेतली.

घराची मोठी उणीव फेरीत सहज लक्षात येत नाही. स्वयंपाकाची जागा, गोठे, कोठारं, फळबाग, म्हणजे कारभार जिथे चालायचा ते सगळं गेलं. उरला तो पाहुण्यांना दाखवायचा भाग. इथे राबणाऱ्या गुलाम माणसांच्या जागाही त्याबरोबर गेल्या, म्हणून त्यांच्याबद्दल मार्गदर्शकाला मुद्दाम विचारा. स्कायलरांच्याच दुसऱ्या जमिनीजवळ, 'फ्लॅट्स'वर, २००५ मध्ये खोदकामात गुलामांची दफनभूमी सापडली. तिथल्या १४ जणांचं २०१६ मध्ये सन्मानानं पुन्हा दफन झालं.

ही उणीव भरून काढायची तर नदी ओलांडून रेन्सेलर गावातल्या क्रेलोला जा. ते कॅथरिनचं माहेर. तिच्या आजोबांनी, हेंड्रिकनी बांधलेलं हे घर आता हडसनकाठच्या डच वसाहतीचं संग्रहालय आहे. १९७०–७१ मध्ये फोर्ट ऑरेंज या ऑल्बनीतल्या जुन्या डच किल्ल्याच्या उत्खननात निघालेल्या वस्तू इथे बघायला मिळतात. आणि या हेंड्रिकची आई म्हणजे मारिया व्हॅन रेन्सेलर, कॅथरिनची पणजी. १६७४ मध्ये नवरा येरेमियास गेला तेव्हा थोरला मुलगा ११ वर्षांचा होता. पहिल्या बाळंतपणापासून पाय अधू, चालायला कुबड्या. तरी १६८९ मध्ये स्वतः जाईपर्यंत तिनं रेन्सेलरविकची जहागीर मुलांसाठी धरून ठेवली. तिच्या पत्रांचा व्हॅन लारनं केलेला इंग्रजी अनुवाद (१९३५) न्यू नेदरलँड इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. जाण्याआधी चारपाच पत्रं वाचाच. उत्तर यायचं आम्स्टरडॅमहून जहाजानं, आणि कुळं, गिरण्या, देणी मात्र त्याच आठवड्यात निस्तरायची. ही ओढाताण पानोपानी जाणवते.

पत्रं वाचताना मापं माहीत हवीत. 'स्केपेल' हे धान्याचं डच माप, साधारण पाऊण बुशेल, म्हणजे २१ किलोच्या आसपास गहू. 'मॉर्गन' म्हणजे अंदाजे दोन एकर. याच जहागिरीतल्या १८ व्या शतकाच्या अखेरच्या पट्ट्यांत १०० एकरांना १० ते १४ बुशेल गहू, चार पोसलेल्या कोंबड्या आणि बैलजोडी किंवा घोड्यांसह एक दिवसाची वेठ असा खंड दिसतो. हडसन हिवाळ्यात गोठायची. तेव्हा गहू बर्फावरून घसरगाडीनं गिरणीवर यायचा, दळून पिंपांत भरला जायचा आणि बर्फ फुटलं की गलबतानं न्यूयॉर्कला जायचा. ओला गहू आला किंवा पिंपं वेळेत मिळाली नाहीत, तर वसंतातली पहिली खेप हुकायची. फिलिपच्या आजोबांची बहीण अलिडा लिव्हिंग्स्टन हेच सांभाळायची. नवरा न्यूयॉर्कला विधिमंडळात, ती त्यांच्या लिव्हिंग्स्टन जहागिरीवर पीठ आणि फळ्या पाठवण्याच्या मागे. १७१० नंतर त्यात पॅलाटाईन जर्मन निर्वासितांना माणशी रोज एक तृतीयांश पाव आणि एक क्वार्ट (सुमारे एक लिटर) बिअर पुरवण्याचा सरकारी ठेकाही आला.

मॅन्शनची फेरी मार्गदर्शकाबरोबरच होते आणि हंगामानुसार वेळा बदलतात, तेव्हा आधी नोंदणी करा. वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांना घेऊन जाणार असाल तर आधी फोन करा. महिलांवरची खास फेरी त्या दिवशी असेल तर तीच निवडा. रेल्वेनं आलात तर ऑल्बनीचं स्टेशन क्रेलोच्याच काठावर आहे, म्हणून आधी माहेर आणि मग सासर असा क्रम सोयीचा.

दोन्हींना मिळून पाचपैकी चार; एकट्या मॅन्शनला तीन. दुसरा दिवस हाताशी असेल तर उत्तरेला साराटोगाचं, म्हणजे आजच्या स्कायलरविलचं, घर बघा. १७७७ च्या नोव्हेंबरमध्ये ते २९ दिवसांत पुन्हा उभं केलं, जळालेल्या घरातलं लोखंडी सामान वेचून. राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यानं प्रवेश फुकट आहे, पण आतून ते उन्हाळ्यातच उघडं असतं.