जँगो गर्ल्सची कार्यशाळा मराठवाड्यात घ्यायची असेल तर: साहित्य उत्तम, वेळापत्रक मात्र आपलंच हवं

जँगो गर्ल्स हा बायका-मुलींना वेबसाईट बनवायला शिकवणाऱ्या मोफत कार्यशाळांचा उपक्रम. त्याचं साहित्य म्हणजे तीन गोष्टी: शिकणारीसाठी ट्युटोरियल, शिकवणाऱ्या कोचसाठी सूचना आणि कार्यशाळा भरवणाऱ्यांसाठी पुस्तिका. तिन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. ट्युटोरियल मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्यात बदल करून वापरायलाही मुभा आहे. ओला सितार्स्का आणि ओला सेंडेका या दोघींनी २०१४ च्या जुलैत बर्लिनमध्ये पहिली कार्यशाळा घेतली. तेव्हापासूनचा साचा तोच आहे. कोड कधी न लिहिलेल्या बायका-मुली एका दिवसात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्या भाषेत वेबसाईट बांधायचा जँगो हा तयार सांगाडा वापरून स्वतःचा ब्लॉग बनवतात आणि तो इंटरनेटवर चढवतात. शुल्क नाही, खाणं आयोजकांकडून, आणि तिघींमागे एक कोच.

या साहित्याचं खरं मोल त्या शेवटच्या आकड्यात आहे. आपल्याकडे कॉलेजात कार्यशाळा म्हणजे प्रोजेक्टर, एक वक्ता आणि समोर शंभर मुली. मागच्या रांगेतली मुलगी पहिल्याच एररला अडकते आणि विचारायचं धाडस होत नाही म्हणून तशीच बसून राहते. तिघींच्या गटात ती लपू शकत नाही आणि तिला लपावंसं वाटतही नाही. कोचने मुलीच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, ‘एवढंही माहीत नाही?’ असा चेहरा करायचा नाही, हे नियम साधे दिसतात, पण निम्मं यश त्यातच आहे. कोच पुरुष असला तरी चालतो, पण हे नियम मान्य नसतील तर तो कितीही हुशार असो, त्याला घेऊ नये. तीस मुलींसाठी दहा कोच लागतात. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी आणि तरुण प्राध्यापिका मिळून ही संख्या जमते. अट एकच: आदल्या आठवड्यात प्रत्येकीने ट्युटोरियल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः करून पाहिलेलं असावं.

वेळापत्रक मात्र जसंच्या तसं इथे चालत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हा दिवस शहरात राहणाऱ्यांसाठी आखलेला आहे. हिंगोली किंवा धाराशिवच्या तालुक्यातून येणारी मुलगी साडेदहाच्या आधी पोचत नाही, आणि साडेचारला निघाली नाही तर गावची शेवटची गाडी चुकते. म्हणून कार्यशाळा दोन दिवसांची करावी. पहिल्या दिवशी ॲडमिन (पोस्ट लिहायचं मागचं पान) आणि डिप्लॉय (साईट इंटरनेटवर चढवणं) इथपर्यंत, दुसऱ्या दिवशी यूआरएल (पानाचा पत्ता), व्ह्यू (पानात काय दाखवायचं ते ठरवणारा कोड), टेम्प्लेट (पानाचा साचा), सीएसएस (पानाचं रंगरूप) आणि फॉर्म. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन फेऱ्यांचा खर्च आवाक्यात राहतो. तरी प्रवासखर्च आयोजकांनी द्यावा आणि तसं पत्रकावरच छापावं. सोबत भाऊ किंवा वडील येणारच. त्यांना दारात उभं ठेवू नये. वेगळ्या खोलीत बसायला जागा आणि चहा द्यावा, आणि दुपारी मुलीचा ब्लॉग बघायला आत बोलवावं. लेकुरवाळ्या बायकांसाठी शेजारी सतरंजी आणि लक्ष ठेवायला एक माणूस हवा. एप्रिल-मे टाळावा, उन्हाने माणसं आणि मशीन दोन्ही थकतात.

विजेचा हिशेब आधीच करावा. तीस लॅपटॉप सरासरी ६५ वॅटचे धरले तर जवळपास दोन किलोवॅट होतात. सहा अँपियरचा साधा बोर्ड १,४०० वॅटच्या आतच झेपतो. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडत गेलं की फ्यूज उडतो, तोही बहुधा डिप्लॉयच्या वेळी. दोन वेगळ्या सर्किटवरून बोर्ड घ्यावेत आणि राउटर तेवढा इन्व्हर्टरवर ठेवावा.

सर्वांत जास्त वेळ इन्स्टॉलेशनमध्ये जातो. पायथॉन, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि कोड एडिटर मिळून माणशी साधारण दोनशे एमबी. तीस जणींनी एकदम डाउनलोड लावलं की सहा जीबी, आणि कॉलेजचं वायफाय तिथेच मान टाकतं. सगळे इन्स्टॉलर चार-पाच पेनड्राइव्हवर भरून ठेवावेत. जँगोही ‘पिप डाउनलोड’ या पायथॉनची पॅकेजं उतरवणाऱ्या आज्ञेने आधीच उतरवून त्यात टाकावा. इथे एक खाच आहे. लिनक्स मशीनवर उतरवलेल्या फोल्डरमध्ये ‘टीझेडडेटा’ हे टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज येत नाही, कारण जँगो ते फक्त विंडोजवर मागतो. मग मुलींच्या विंडोज लॅपटॉपवर ऑफलाइन इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. डाउनलोड विंडोजवरूनच करावं.

विंडोजवर पायथॉन बसवताना ‘पाथमध्ये जोडा’ या चौकटीवर टिचकी राहून गेली की टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘पायथॉन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. इन्स्टॉलर पुन्हा चालवून ती टिचकी मारणं हाच सरळ उपाय. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरती पायथॉनची वेगळी जागा) चालू करताना विंडोजचं पॉवरशेल हे टर्मिनल परवानगी नाकारतं, तेव्हा साधा कमांड प्रॉम्प्ट वापरावा. विंडोज ७ असलेल्या जुन्या लॅपटॉपवर पायथॉन ३.८ च्या पुढचं काही बसत नाही, आणि जँगो ५ ला किमान ३.१० लागतं. अशा मशीनवर सरावापुरता जँगो ४.२ चालतो.

लॅपटॉपच नसलेल्या मुलींचं काय, याचं उत्तर साहित्य पुरेसं देत नाही, आणि आपल्याकडे हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगी नसते, आणि मशीन पुन्हा सुरू केलं की सगळं पुसलं जाण्याची भीती असते. अशा वेळी पायथॉनएनिव्हेअर या इंटरनेटवर पायथॉन चालवू देणाऱ्या आणि साईट ठेवणाऱ्या सेवेच्या मोफत खात्यावर ब्राउझरमध्येच सगळं काम करावं. इंटरनेट सतत लागतं, पण तिचं काम तिच्या खात्यात टिकतं आणि उद्या दुसऱ्या संगणकावरून ती पुढे सुरू करू शकते. लॅबमध्ये करून तिथेच सोडून आलेल्या कामापेक्षा हे कितीतरी बरं.

ट्युटोरियलचा मजकूर सोप्या, धीर देणाऱ्या भाषेत आहे. देवनागरी वापरली की मात्र काही जागी थबकायला होतं. स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) धड्यात ‘ओला’ या नावाची लांबी रोमन अक्षरांत तीन येते. मुली साहजिकच ‘लातूर’ टाकून बघतात आणि उत्तर पाच येतं, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. ‘बीड’ची लांबी तीन. रोमन अक्षरं मोठ्या लिपीत (कॅपिटल) बदलणारं ‘अप्पर’ देवनागरीवर काहीच करत नाही. कोचला हे ठाऊक असेल तर गोंधळाऐवजी युनिकोडचा (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीचा) छान धडा होतो. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मराठी शीर्षकाच्या जागी चौकोन दिसतात, पण डेटाबेसमध्ये मजकूर शाबूत असतो.

टाइमझोनची चूक याहून फसवी. सेटिंगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ न लिहिता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहू दिलं आणि ॲडमिनमध्ये प्रकाशनाची वेळ हाताने टाइप केली, की ती पोस्ट जँगोच्या हिशेबाने साडेपाच तास पुढची ठरते. यादीत फक्त आत्तापर्यंतच्या पोस्ट दाखवायच्या असल्याने ती दिसतच नाही. मुलगी तासभर टेम्प्लेटमध्ये चूक शोधत बसते. टेम्प्लेट सापडत नाही अशी एरर आली तर फोल्डरचं नाव ‘टेम्प्लेट्स’ऐवजी एकवचनी झालंय का ते पाहावं, आणि फाइल नोटपॅडने शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटवून सेव्ह केली आहे का तेही.

डिप्लॉयच्या धड्यात गिटहब ही कोड ठेवायची साईट टर्मिनलवरून पासवर्ड घेत नाही. ऑगस्ट २०२१ पासून टोकनच (गिटहबवर बनवून घ्यायची लांबलचक किल्ली) लागतं. ते पेस्ट करताना पडद्यावर काही उमटत नाही, हे आधी सांगितलं नाही तर मुली घाबरून पुन्हा पुन्हा पेस्ट करतात. खाती घरूनच काढून आणायला सांगावीत, कारण एकाच जोडणीवरून तीस नवी खाती निघाली की अडवणूक होऊ शकते. दुसऱ्या दिवशी सीएसएस लावूनही साईट तशीच दिसते, याचं कारण बहुतेक वेळा एकच: नवा कोड ओढून घेतल्यावर ‘कलेक्टस्टॅटिक’ (सीएसएससारख्या फाइली एका जागी गोळा करणारी आज्ञा) चालवायचं किंवा पायथॉनएनिव्हेअरच्या वेब टॅबवरचं रीलोड बटण दाबायचं राहिलेलं असतं. तिथल्या मोफत साईटची मुदतही अधूनमधून बटण दाबून वाढवावी लागते. हे निरोप घेताना सांगावं, नाहीतर ब्लॉग गुपचूप बंद पडतो आणि तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आणखी एक गोष्ट पहिल्या तासातच सांगायला हवी. गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ईमेल पत्ता कायमचा नोंदला जातो, आणि पायथॉनएनिव्हेअरवर खात्याचं नावच साईटचा पत्ता बनतं. पूर्ण नाव, जन्मसाल किंवा मोबाइल नंबर त्यात नको. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खाजगी ठेवायची सोय आहे, आणि तिथे मिळणारा पर्यायी पत्ता गिटमध्ये भरावा. फोटोलाही तेच. ज्यांना नको त्यांच्या बॅजची दोरी वेगळ्या रंगाची ठेवावी आणि कॅमेरावाल्याला ते बजावून सांगावं.

या साहित्याला पाचपैकी चार गुण. अर्धा लॅपटॉपच्या गृहीतकाचा कापला. उरलेला अर्धा यासाठी की ब्लॉग झाल्यावर दिवस संपतो, आणि मुलगी मुक्त सॉफ्टवेअर वापरणारी होते पण त्यात भर घालणारी होत नाही. तेवढी पायरी आयोजकांनी जोडून घ्यावी. महिनाभराने अर्ध्या दिवसाची एक बैठक, विषय जँगोचं मराठी भाषांतर. ते ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साईटवर चालतं, इन्स्टॉल काही करावं लागत नाही आणि मोबाइलवरही निभतं. प्रत्येकीने दहा वाक्यं घ्यावीत. टक्केचिन्ह आणि कंसातली नावं जशीच्या तशी ठेवावीत, कारण ती बदलली की पानच मोडतं. मग शेजारणीने ते वाक्य मोठ्याने वाचावं. कानाला खटकलं तर पाठवण्याआधी बदलावं.